पोतं उंच केल्यानं बटाटे वाढत नाहीत

चार चौरस फुटांच्या चौकटीत पंचेचाळीस किलो बटाटे निघतात, असं गच्चीवर बाग करणाऱ्यांना आजकाल छातीठोकपणे सांगितलं जातं. कृती सोपी असते. स्वयंपाकघरातला मोड आलेला बटाटा घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, तेही नसतील तर जाड साली घ्यायच्या. पोत्याच्या किंवा लाकडी चौकटीच्या तळाशी त्या पुरायच्या. रोप वीतभर वर आलं की माती चढवायची, पुन्हा वाढलं की पुन्हा चढवायची, आणि असं करत पोतं कमरेइतकं उंच न्यायचं. मातीखाली गेलेल्या खोडाला दर थरात बटाटे लागतात, म्हणून पोतं जितकं उंच तितकं पीक जास्त. हंगामाची अट नाही, विकतच्या बेण्याची गरज नाही, आणि काढलेले बटाटे धुऊन फ्रीजमध्ये ठेवले की काम संपलं.

या कृतीतलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि मला ते खोडून काढायचं आहे. या शिकवणीमुळे होणारं नुकसान एका पोत्यापुरतं राहत नाही. हौसेनं बागेकडे वळलेला माणूस एप्रिलमध्ये पोतं भरतो, कोकोपीट आणि गांडूळखतावर पैसे घालतो, तीन महिने पाणी घालतो, आणि पोतं उलटं केलं की सुपारीएवढे चार-सहा कंद हाती लागतात. मग आपल्या हाताला गुण नाही असं तो समजतो. नाहीतर बटाटा हे घरी करण्याचं पीकच नव्हे, असं ठरवून मोकळा होतो. दोन्ही निष्कर्ष खोटे आहेत. महाराष्ट्रातल्या परसात, अंगणात, गच्चीवर बटाटा चांगला येतो. त्याच्या अटी थोड्या आहेत, पण त्यांत सवलत नाही. सर्वांत मोठी अट आहे ती रात्रीच्या गारव्याची. मातीच्या उंचीला त्यात स्थान नाही.

आधी हिशेब मांडू. चार चौरस फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर. एवढ्यातून ४५ किलो निघायचे तर चौरस मीटरला सुमारे १२० किलो पडतात, म्हणजे हेक्टरी १,२०० टन. भारताची बटाट्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी २५ टनांच्या आसपास आहे. उत्तम जमीन, ठिबक आणि प्रमाणित बेणं हाताशी असलेला कसलेला शेतकरी ४० टनांपर्यंत पोचतो. याचा अर्थ चौरस मीटरला अडीच ते चार किलो, आणि त्या चार फुटी चौकटीत एक ते दीड किलो. कुंडीतल्या झाडाला चारी बाजूंनी ऊन लागतं, पानांना कुंडीबाहेर पसरायला जागा मिळते, म्हणून दुप्पट धरा, हवं तर तिप्पट धरा. पंचेचाळीसच्या जवळपासही जाता येत नाही.

का जाता येत नाही, तेही समजून घेण्यासारखं आहे. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. उरलेला पाचवा हिस्सा कोरडा ऐवज, आणि त्यात बहुतेक स्टार्च. ४५ किलोंमध्ये असा नऊ किलो ऐवज भरतो. माती पाणी देते, नत्र, स्फुरद, पालाश देते, पण स्टार्च देत नाही. तो पानं उन्हात तयार करतात आणि मग तो खाली कंदात उतरतो. शंभर दिवसांत चार चौरस फुटांवर जेवढं ऊन पडतं, त्यातल्या जवळपास पाचव्या हिश्शाची ऊर्जा कंदात साठली तरच नऊ किलो ऐवज तयार होईल. बटाट्याच्या जातकुळीची झाडं अगदी आदर्श परिस्थितीतही उन्हाच्या ऊर्जेतला साडेचार टक्क्यांच्या आसपासच भाग धरू शकतात, आणि प्रत्यक्ष शेतात त्याहून कितीतरी कमी. तेव्हा हा दावा अतिशयोक्त म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो अशक्य आहे.

आणि जी पानं हे सगळं घडवतात तीच पुरून टाका, असं ही कृती सांगते. दर पंधरा दिवसांनी वीतभर हिरवा पाला मातीखाली गाडला की झाडाला पुन्हा वर यायला, नवी पानं काढायला साठवलेलं अन्न खर्चावं लागतं. कंदात जायचं ते खोड लांबवण्यात जातं. उंच पोत्यातलं झाड शेवटी वर हिरवंगार दिसतं खरं, पण ती हिरवाई उशिरा आलेली असते आणि तोवर थंडी सरत आलेली असते.

थरांचा मुद्दा बटाट्याच्या शरीररचनेशीच जुळत नाही. बटाटा हे मूळ नव्हे, तो खोडाचा भाग आहे. बेण्यातून कोंब वर येत असताना जमिनीखालच्या पेरांतून आडव्या, पांढऱ्या, बिनपानांच्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून कंद होतात. या फांद्या बहुतेक सगळ्या बेण्यालगतच्या, खालच्या पेरांतून निघतात आणि लागवडीनंतर महिनाभरात निघालेल्या असतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांची टोकं फुगू लागतात. एकदा कंद धरले की झाडाचं अन्न तिकडे ओढलं जातं. नंतर वर पुरलेल्या पेरांना त्यातून फारसं काही मिळत नाही. युरोप-अमेरिकेतल्या काही उशिरा तयार होणाऱ्या जाती तिकडच्या लांब दिवसांत खोडावर थोड्या वरपर्यंत अशा फांद्या काढतात, एवढाच या दाव्यातला सत्याचा अंश. आपल्याकडचा बटाटा हिवाळ्यात, अकरा तासांच्या दिवसात वाढतो. लहान दिवस आणि गार रात्र एकत्र आली की बटाट्याचं झाड कंदाकडे वळतं, त्यामुळे इथं ते लवकर वळतं. उंच पोतं हळूहळू, वरून खाली उकरून पाहिलं तर मधल्या मातीत पांढरी मुळं दिसतात आणि बटाटे तळाच्या वीतभरात सापडतात. ज्यांनी पोतं उलटं करून एकदम रिकामं केलं त्यांना हे दिसतच नाही, आणि थरांची गोष्ट तशीच पुढे सांगितली जाते.

मग शेतकरी भर का देतात, असा प्रश्न कोणी विचारील. सरी-वरंब्यावरच्या बटाट्याला साधारण महिन्याच्या सुमारास मातीची भर लावतात, काही ठिकाणी आणखी एकदा. झाड तेव्हा वीतभर उंच असतं. भर दिली की फुगणाऱ्या कंदांवर ऊन पडत नाही, माती गार राहते, तण दबतं आणि कंद उघडे पडून त्यांवर बटाट्याचा पतंग अंडी घालत नाही. हा पतंग १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरला आणि तेव्हापासून दख्खनच्या बटाट्यामागे लागलेला आहे. त्याची अळी डोळ्यातून कंदात शिरते, बोगदे करते, आणि बटाटा घरात आणून ठेवल्यावरही आतून खात राहते. भर असते ती झाकण्यासाठी. पीक वाढवण्याचं श्रेय तिला मिळतं, कारण झाकलेले कंद हिरवे होत नाहीत, किडत नाहीत, आणि खाण्याजोगे जास्त उरतात.

पोत्याच्या उंचीवर एवढी चर्चा होते आणि हवेवर कोणी बोलत नाही, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते. बटाटा अँडीज पर्वतातला, टिटिकाका सरोवराच्या परिसरातल्या उंच, थंड पठारांवर माणसानं हजारो वर्षं जोपासलेला. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांत असलं की तो कंद उत्तम धरतो. रात्र वीसच्या वर रेंगाळायला लागली की कंद कमी होत जातात, आणि रात्र पंचवीसची झाली तर झाड पाला वाढवत राहतं आणि खाली काहीच धरत नाही. दिवसा पानांनी केलेलं अन्न उष्ण रात्री श्वसनातच खर्च होतं, आणि कंद धर असा जो संदेश पानांतून खाली जायचा तोही उष्म्यानं दबतो. त्यावर खत घातलं की, विशेषतः नत्र, पाला आणखी माजतो. उन्हाळ्यात लावलेल्या पोत्यातला तो हिरवागार पाला पाहून लोक खुश होतात, आणि खाली मात्र सुपाऱ्या.

म्हणून बारमाही बटाटा ही घातक कल्पना आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भ इथल्या घरच्या बागेसाठी एकच खात्रीचा काळ आहे: ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड, फेब्रुवारीत काढणी. दसरा आटोपला की बेणं शोधायला लागावं आणि दिवाळीच्या आगेमागे ते जमिनीत जावं. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री कंद फुगण्याच्या काळात मिळाल्या पाहिजेत, सगळं गणित तेवढ्यासाठी आहे. मुंबई-कोकणात गार रात्री कमी, म्हणून तिथं नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चुकवू नये आणि उष्णता सोसणारी जात घ्यावी. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं २००६ मध्ये दिलेली कुफ्री सूर्या याच कामाची आहे. १९७२ मध्ये पठारी प्रदेशासाठी दिलेल्या कुफ्री लवकर या जातीचं रक्त तिच्यात आहे, म्हणजे ती काही परकी नव्हे. घाटावर कुफ्री ज्योती, कुफ्री चंद्रमुखी, कुफ्री पुखराज यांतली जी मिळेल ती चालते. चवीला मला चंद्रमुखी सर्वांत सरस वाटते, आणि ती लवकर तयार होते.

आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार पावसाळ्यात बटाटा करतं, मग आम्ही जूनमध्ये का लावू नये, असं विचारलं जातं. सातगाव पठार उंचावर आहे, तिथला पाऊस बेताचा, हवा ढगाळ आणि गार, जमीन उताराची आणि निचऱ्याची. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ती हवा ओळखून हे पीक बसवलं आहे. शहरातल्या गच्चीवर जुलैच्या संततधारेत भिजणारं पोतं म्हणजे सातगाव पठार नव्हे. तिथं बेणंच कुजतं.

आता बेण्याकडे येतो. स्वयंपाकघरातला मोड आलेला बटाटा उगवत नाही असं मी म्हणत नाही. तो उगवतो, कधी पावशेरभर बटाटेही देतो. पण त्यावरून ‘बेण्याची गरज नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. बटाट्याची लागवड कंदापासून होते आणि कंदाबरोबर आईचे सगळे रोग लेकीकडे येतात. विषाणू असेल तर तो दर पिढीला वाढत जातो: पानं गुंडाळली जातात, त्यांवर पिवळट ठिपके येतात, झाड खुरटतं, कंद लहान होत जातात. मावा हा कीटक तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. या अडचणीवर भारतात जो उपाय निघाला तो मला शेतीशास्त्रातल्या सर्वांत सुंदर उपायांपैकी एक वाटतो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे संचालक पुष्कर नाथ यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिलं की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मावा फार कमी असतो. तेव्हा बेण्याचं पीक याच काळात घ्यायचं, आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा, म्हणजे विषाणू कंदात उतरतच नाही. त्याआधी निरोगी बेण्यासाठी थंड डोंगरांवर अवलंबून राहावं लागे. आज मंचरच्या बाजारात पंजाबातून येणारं बेणं मिळतं ते या पद्धतीच्या जोरावर. एवढ्या लोकांनी एवढा विचार करून निरोगी ठेवलेली वस्तू किलोला थोडे पैसे जास्त देऊन मिळत असताना रोगट कंद आपल्या वाफ्यात का पुरायचा?

खाण्याच्या बटाट्यातून येणारा जिवाणूजन्य मररोग तर त्याहून वाईट. तो मातीत शिरला की वर्षानुवर्षं राहतो, आणि बटाट्याबरोबर टोमॅटो, वांगी, मिरची यांनाही गाठतो. ज्या गच्चीवर चार कुंड्या टोमॅटोच्या आहेत तिथं हा धोका पत्करणं मला अजिबात मान्य नाही. सालींबद्दल तर वाद घालायचीही गरज नसावी. कोंबाला पहिले दोन-तीन आठवडे सगळं अन्न बेण्यातून मिळतं, म्हणून बेणं ३० ते ५० ग्रॅमचं, दोन-तीन ठसठशीत डोळ्यांचं असावं लागतं. कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान बटाटा अख्खा लावणं उत्तम. मोठा असेल तर स्वच्छ सुरीनं कापून, सावलीत एक-दोन दिवस ठेवून, कापलेल्या भागावर खपली धरू द्यावी. सालीत ना अन्न ना ओल. ती कुजते, आणि उगवलीच तर तिचं झाड जन्मभर अशक्त राहतं.

ऑक्टोबरात पोतंभर बेणं एका घराला लागत नाही, ही अडचण खरी आहे. चार-पाच घरांनी मिळून आणावं, किंवा बटाट्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याकडून लागवडीच्या वेळी दोन किलो मागून घ्यावं. मागितलं तर मिळतं.

राखेचाही एक सल्ला फार पसरला आहे. चुलीतली राख भरपूर घाला, पालाश मिळेल, बटाटे मोठे होतील. राखेत पालाश असतो हे बरोबर. पण राख माती विम्ल करते, आणि बटाट्याच्या सालीवर खरबरीत खपल्या आणणारा रोग विम्ल मातीतच बळावतो. आपली काळी जमीन मुळातच विम्ल आहे. तिच्यात आणखी राख कशाला? बटाट्याला किंचित आम्ल, भुसभुशीत, पाणी न साचणारी माती लागते. जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत घालावं. ताजं शेण घालू नये. काळ्या मातीत वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळावं. कुंडी उंच असण्यापेक्षा रुंद असू द्या: १२ ते १५ इंच खोली पुरते. जमिनीत दोन सरींमध्ये दोन फूट आणि दोन बेण्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावं; कुंडीत चौरस फुटाला एकच बेणं. ऊन मात्र सहा तास हवंच, त्याला पर्याय नाही.

फुलं आली की बटाटे तयार झाले, हेही परदेशी पुस्तकांतून जसंच्या तसं उचललेलं वाक्य आहे. आपल्या मैदानी हिवाळ्यात, लहान दिवसांत, बऱ्याच जातींना फुलंच येत नाहीत किंवा कळ्या गळून जातात. फुलांची वाट पाहणारा माणूस मार्चच्या उन्हापर्यंत वाट पाहत बसेल. पाल्याकडे पाहावं. खालची पानं पिवळी पडू लागली, झाड आडवं होऊ लागलं की पाणी तोडावं. पाला जमिनीलगत कापावा आणि दहा-बारा दिवस कंद जमिनीतच राहू द्यावेत. या दिवसांत साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्यानं घासून पाहावा. साल सुटली तर अजून थांबायचं. नव्या बटाट्याची पातळ सालीची भाजी करायची असेल तर दोन-चार झाडं आधी उकरावीत, तो आनंद बाजारात मिळत नाही. पण साठवायचे बटाटे कच्च्या सालीचे काढले तर ते आठवड्यात सुरकुततात.

काढणी सकाळी करावी. खुरपं लागलेले, अळीनं पोखरलेले, हिरवे झालेले असे वेगळे काढून बाकीचे लगेच सावलीत न्यावेत. उन्हात वाळत घालणं ही फार मोठी चूक, आणि ती सर्रास होते. कांदा उन्हात सुकवतात म्हणून बटाटाही सुकवायचा, असा समज आहे. उजेड लागला की बटाट्याच्या सालीत हिरवा रंग चढतो, आणि त्याच कारणानं सोलानीनसारखी विषारी द्रव्यं वाढतात. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण तो धोक्याची खूण आहे. किलोमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत ही द्रव्यं असली तर बटाटा खाण्यालायक मानतात. त्याहून जास्त झाली की जिभेला कडू लागतो, पोट बिघडतं. उकडून किंवा शिजवून ती नाहीशी होत नाहीत. थोडा हिरवेपणा जाड साल काढून टाकता येतो. कडू लागणारा बटाटा टाकूनच द्यावा.

धुणं आणि फ्रीज या दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे. ओल्या सालीवर कूज लागते. माती सुकली की हातानं झटकावी, तेवढं पुरे. फ्रीजमध्ये चार-पाच अंशांना बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलू लागतो. पावसाळ्यात बाजारातला बटाटा कधी कधी गोडसर लागतो तो याचमुळे. तो शीतगृहात दोन ते चार अंशांवर महिनोन्‌महिने राहून आलेला असतो. असा बटाटा तळला तर आतून कच्चा असतानाच बाहेरून काळपट होतो. शीतगृहाला ते करावं लागतं, कारण त्याला आठ महिने मोड रोखायचे असतात. नुकत्याच मातीतून काढलेल्या घरच्या बटाट्यावर ती वेळ का आणायची?

टोपलीत एक सफरचंद ठेवा, मोड येणार नाहीत, असंही सांगतात. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूचा मोडांवर परिणाम होतो हे खरं आहे, आणि काही देशांत गोदामांत तो वायू मोजून, सतत सोडतात. पण तोच वायू थोडा वेळ लागला तर झोपेतला बटाटा उलट लवकर जागा होऊ शकतो. उघड्या टोपलीतलं सफरचंद काय करील हे कोणालाच ठरवता येणार नाही, म्हणून हा उपाय मी कोणाला सुचवत नाही.

आपल्या मुलखाकडे याची उत्तरं आहेत. मंचर आणि सातगाव पठाराच्या भागात शेतकरी बटाट्याची आरण लावतात: झाडाच्या दाट सावलीत ढीग घालायचा आणि वरून पाल्यापाचोळ्याचं जाड आच्छादन द्यायचं. अंधार, गारवा, थोडी ओल आणि हवा, बटाट्याला हवं ते सगळं त्यात आहे. घरात हेच छोट्या प्रमाणावर करता येतं. बांबूच्या पाटीत किंवा गोणपाटाच्या पिशवीत, तळाशी आणि वर घाणेरीचा किंवा निलगिरीचा वाळलेला पाला पसरून, घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीलगत. पाल्यामुळे पतंग दूर राहतो. वाड्यांतून माजघर हीच ती जागा असे. फ्लॅटमध्ये उत्तरेच्या खोलीतल्या पलंगाखालची जागा चालते. ओट्याखाली, गॅसच्या उबेला नको. कांदे शेजारी नकोत, कारण कांद्याला कोरडी हवा लागते आणि बटाट्याला दमट. आठवड्याला एकदा हात घालून नासका शोधून काढावा. घाटावरच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगण असेल त्यानं विटांची दुहेरी भिंत करून, मधल्या फटीत वाळू भरून, सकाळ-संध्याकाळ ती भिजवावी. बिनविजेचा हा थंड हौद दुपारच्या हवेहून दहा अंश तरी गार राहतो. कोकणातल्या दमट हवेत याचा उपयोग नाही, हेही सांगितलं पाहिजे.

एवढं करूनही ताजा बटाटा घरी दीड-दोन महिनेच नीट राहतो. काढल्यावर आठ-दहा आठवडे तो झोपेत असतो, आणि एप्रिलच्या उकाड्यात डोळे फुटायला लागतात. इथं मला त्या शिकवणीची सर्वांत मोठी उणीव दिसते. ती आपल्या स्वयंपाकघराकडे पाहतच नाही. अँडीजमधल्या लोकांनी त्यांच्या रात्रीच्या हिमाचा उपयोग केला: बटाटे गोठवून, तुडवून, वाळवून त्यांचा चुन्यो केला, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे हिम नाही, पण मार्चचं ऊन आहे. आपल्या आज्यांनी त्या उन्हाचा उपयोग केला. बटाट्याचा कीस, वेफर्स, साबुदाणा-बटाट्याच्या पापड्या आणि चकल्या हे वाळवण म्हणजेच दख्खनची बटाटा साठवण्याची पद्धत. फेब्रुवारीत निघालेला बटाटा, त्यातले चांगले पंधरा दिवस सावलीत स्थिरावलेले, आणि होळीच्या आसपास गच्चीवर पसरलेलं प्लास्टिक. डब्यात भरलेला कीस पुढची आषाढी आणि नवरात्र सहज गाठतो. ज्या घरात हे होतं तिथं फ्रीजचा प्रश्नच येत नाही.

आता दुसऱ्या बाजूनं येणारा आक्षेप. पोत्याचा प्रयोग फसलेले लोक म्हणतात की बटाटा वीस-तीस रुपये किलोनं मिळतो, एवढी यातायात कशाला? मी पैशाचा हिशेब टाळत नाही. शंभर चौरस फूट परसात नीट केलेलं पीक २५ किलोंच्या आसपास देतं. आठवड्याला दीड किलो बटाटे खाणाऱ्या घराला ते चार महिने पुरतात: दोन महिने ताजे, उरलेले वाळवून. पैशात ही बचत मोठी नाही, आणि बटाट्यावर घर चालेल असं सांगणाऱ्याशीही माझं पटत नाही. पण बाजारातल्या बटाट्याशी तुलना करताना लोक वजनाची तुलना करतात आणि वस्तूची विसरतात. पाला कापल्यावर दहा दिवसांनी काढलेल्या, शीतगृह न पाहिलेल्या बटाट्याची उकड फुटून पिठूळ होते, ती चव किलोच्या भावात येत नाही. शिवाय हे पीक हिवाळ्यात तीन महिने जागा अडवतं आणि मार्चमध्ये भुसभुशीत, उकरलेली माती मागे ठेवतं, तीत लगेच गवार, भेंडी, काकडी लावता येते. बटाट्यानंतर त्या वाफ्यात टोमॅटो-वांगं लावू नये, आणि पुन्हा बटाटा तर निदान दोन-तीन वर्षं नको.

घरच्या बटाट्यातलंच पुढच्या वर्षाचं बेणं ठेवावं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. फेब्रुवारी ते ऑक्टोबर हा आठ महिन्यांचा उन्हाळा-पावसाळा घरात काढताना कंद मोडावून, सुकून जातो, आणि आपल्या बागेतला विषाणू त्यात आधीच शिरलेला असतो. दर ऑक्टोबरात नवं बेणं घ्यावं लागतं.

पोत्यात पन्नास किलो काढून दाखवतो म्हणणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. लागवड कुठल्या गावात आणि कुठल्या तारखेला केली, बेणं कुठल्या जातीचं आणि कुठून आणलं, पोत्याखाली जागा किती चौरस फूट होती, आणि काढणीनंतर धुण्याआधी वजनकाट्यानं काय दाखवलं, एवढं त्यांनी प्रत्येक दाव्यासोबत सांगावं. नवख्या माणसाला मातीवर आणि बेण्यावर पैसे घालायला सांगण्याआधी ही चार उत्तरं त्याला द्यायलाच हवीत.